नव्या नेमबाजाने स्वस्त एअर रायफल घ्यावी का? कोकणातल्या घरासाठी एकेक पायरी

भाचा आठवीत होता. मे महिन्यात आला तो थेट मोबाइल माझ्यापुढे धरून. "मामा, नऊ हजारांना आहे. घ्यायची का?" फोटोतली रायफल दणकट दिसत होती. वर दुर्बीण होती आणि खाली छापलेला वेग वाचून कुणालाही मोह पडला असता. ताईने एकच विचारलं, "यावर हा शिकेल ना?" मी हो म्हणालो, आणि तिथेच चुकलो. पुढचे आठ महिने तो रोज संध्याकाळी पडवीत उभा राहून पन्नास-पन्नास छर्रे मारायचा आणि रोज म्हणायचा, "माझा हात हलतो." एकदा मी ती रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून स्वतः दहा छर्रे मारले. कागदावर दहाच्या नाण्याएवढा पसारा झाला. पोराने आठ महिने बंदुकीची चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती.

तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या ज्या पालकांनी मला हा प्रश्न विचारला, त्यांना मी सांगतो की शिकणाऱ्याला खरं बोलणारी बंदूक लागते. छर्रा डावीकडे गेला तर तो कुणामुळे गेला, हे तिच्यावरून कळायला हवं. एवढं करणारी बंदूक स्वस्त असेल तर जरूर घ्या. नसेल तर ती फुकट मिळाली तरी महागच पडेल. ती ओळखायची कशी, कुठल्या क्रमाने आणि किती पैशांत, ते खाली सविस्तर लिहितो.

आधी कायदा आणि गैरसमज

आपल्याकडे बंदूक म्हटलं की शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक डोळ्यांसमोर येते. माकडं आणि रानडुकरं बागायतीत शिरतात म्हणून घरोघरी ठासणीची नाहीतर काडतुसाची एकनळी असते आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. नेमबाजीच्या खेळाशी तिचा संबंध नाही. तिच्यावर सराव करायचाही नाही, कारण परवाना ज्या कामासाठी दिलेला असतो त्याच कामाचा असतो.

खेळाची सुरुवात होते १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी, म्हणजे ०.१७७ इंच व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. विकणारा ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, तो द्यावा आणि पक्कं बिल जपून ठेवावं. ०.२२ ची एअर रायफल मात्र परवान्यात येते. दुकानदार "चालतंय हो, कोण बघतंय" म्हणाला तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका. काडतुसाच्या ०.२२ रायफलीचा विचार पहिली दोन वर्षं तरी नको. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते ५० मीटरच्या काडतुसी रायफलीवर, त्यामुळे मुलं तेच मागतात. त्यांना सांगा की त्या रस्त्याची पहिली पायरीसुद्धा हवेचीच रायफल असते.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने. ही वस्तू हातात आली की कावळा, खारूताई, शेजाऱ्याचं मांजर, सगळं निशाण्यासारखं दिसू लागतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. पण कायद्याच्या आधी घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवं की कागदाच्या निशाण्याशिवाय कशावरही रोखायची नाही, रिकामी असली तरी.

पहिली पायरी: सहा महिने काही विकत घेऊ नका

कोकणात ही पायरी सगळ्यात अवघड आहे, कारण नेमबाजीच्या रेंज, म्हणजे सरावाच्या जागा, कमी आणि लांब. रायगडकरांचं बरं आहे. पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, आणि वरळीची रेंजही तिकडून आवाक्यात येते. दक्षिणेकडच्या माणसाला मात्र आधी आपल्या जिल्हा रायफल संघटनेकडे चौकशी करावी लागते, नाहीतर घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाज त्याच शहरातल्या. तरीही मी म्हणेन, जा. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवसांचं शिबिर करा आणि तिथल्या रायफलीवर निदान हजारभर छर्रे मारा. दोन गोष्टी कळतात. रायफल आवडते की पिस्तूल, हे घरात बसून ठरत नाही. आणि चांगल्या ट्रिगरची ओळख बोटाला एकदा झाली की दुकानातला वाईट ट्रिगर दहा सेकंदांत कळतो.

जाता जाता सांगतो. आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ ची, आणि ती करणारे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर मूळ संगमेश्वराकडच्या मावळंग्याचे. राजापूरच्या शाळेत शिकलेले. आज देशभरातली मुलं ज्या मावळणकर स्पर्धेची तयारी करतात ते नाव आपल्या मातीतलं आहे. तरी आपल्याकडे पुरेशा रेंज नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी पायरी: कागदाचं गणित समजून घ्या

हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही विक्रेता तुम्हाला फसवू शकणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

१० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमी असतो. त्याबाहेरचं प्रत्येक वर्तुळ व्यासाने ५ मिमी वाढत जातं. छर्रा ४.५ मिमीचा, आणि त्याची कड ज्या वर्तुळाला शिवेल ते गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य निशाण्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला तर १०, ५ मिमीच्या आत ९, साडेसातच्या आत ८. आता समजा, रायफल वाळूच्या पिशवीवर अगदी घट्ट टेकवूनही तिचे छर्रे १५ मिमीच्या घोळक्यात पडतात. याचा अर्थ तुम्ही जगातला सर्वोत्तम नेम धरलात तरी ती बंदूक अधूनमधून ८ देणार. शिकणाऱ्याने त्या आठमधून काय शिकायचं? तो उगाच बोट बदलतो, श्वास बदलतो, उभं राहणं बदलतो आणि बरोबर जमलेलंही बिघडवतो.

पिस्तुलाचं गणित वेगळं आहे. तिथे दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य ८ मिमीच्या आत पडला तरी १०. तोच १५ मिमीचा घोळका पिस्तुलाच्या कागदावर सगळा दहात बसतो. म्हणून नळीच्या बाबतीत स्वस्त पिस्तूल बरंच खपून जातं. पण ट्रिगर खरखरीत असेल किंवा मूठ हाताला बसत नसेल तर मनगट वळतं आणि छर्रा सातात जातो. एकूणात, रायफल घेताना पैसे नळीला द्या आणि पिस्तूल घेताना ट्रिगरला आणि मुठीला.

तिसरी पायरी: "स्वस्त"मध्ये काय काय येतं

साधी स्प्रिंगची बंदूक, नळी खाली दुमडून भरायची. पाच-सात हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळते. तिच्यातला जड दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतो तेव्हा बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे हिसका खाते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत घडतं. त्यामुळे ती कुठे आणि किती घट्ट धरली यावर छर्रा कुठे जाईल ते ठरतं. शालेय स्पर्धांत "ओपन साइट", म्हणजे नळीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरायचा, असा गट असतो, त्यात मुलं अशाच रायफली वापरतात. तुमचं मूल त्या गटात खेळणार असेल तर स्प्रिंगची साधी भारतीय रायफल घेणं योग्यच आहे. तेव्हा कमी वेगाची, हलक्या हाताने भरता येणारी आणि दुर्बीण नसलेली घ्या. जास्त वेगाची जाहिरात बघून घेऊ नका. स्पर्धेच्या उत्तम रायफलीतूनसुद्धा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगानेच सुटतो, कारण दहा मीटरला तेवढा पुरतो. स्प्रिंगचा वेग वाढवला की हिसकाही वाढतो. माझ्या भाच्याची रायफल नेमकी त्याच जातीची होती.

एका दाबाची हवेची बंदूक. बाजूचा नाहीतर खालचा दांडा एकदा ओढून मिटला की एका छर्ऱ्यापुरती हवा आत दाबली जाते. हिसका जवळजवळ नाही, सिलिंडर नाही, पंप नाही. जुन्या काळी ऑलिंपिकच्या स्पर्धा याच पद्धतीच्या रायफली-पिस्तुलांवर जिंकल्या गेल्या. चांगल्या स्थितीतलं असं जुनं पिस्तूल हाती लागलं तर कोकणातल्या खेड्यात राहणाऱ्यासाठी मला ते सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण हवा भरायला कुठे जावं लागत नाही. लहान मुलाला मात्र प्रत्येक छर्ऱ्याला दांडा ओढणं जड जातं. साठ छर्ऱ्यांनंतर खांदा थरथरतो.

सिलिंडरवाली, म्हणजे पीसीपी (हवा आधीच दाबून भरलेली), भारतीय बनावटीची. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातही हे काम चांगलं होऊ लागलं आहे. दहा मीटरच्या खेळासाठी मुद्दाम केलेली, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायचं साधन) बसणारी आणि गालाची पट्टी वर-खाली होणारी रायफल लाखाच्या आतबाहेर मिळू शकते. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर या परदेशी कंपन्यांच्या नव्या रायफली दोन लाखांच्या पुढे जातात, म्हणून याच वर्गाला मी "परवडणारी आणि खरं बोलणारी" म्हणतो. भाव सारखे बदलतात, निदान तीन ठिकाणी विचारा. एक सावधगिरी मात्र बाळगा. पीसीपी या नावाखाली बागेत डबे उडवायच्या ताकदवान बंदुकाही विकल्या जातात. त्यांचा ट्रिगर आणि दस्ता उभ्याने नेम धरण्यासाठी केलेला नसतो. तीस-चाळीस हजार घालून सगळ्यात जास्त पस्तावलेली माणसं मी याच वर्गात पाहिली आहेत.

जुनी परदेशी रायफल, दुसऱ्या हाताची. मुंबई-पुण्यातली मुलं बारावी झाली की खेळ सोडतात आणि त्यांच्या रायफली निघतात. प्रशिक्षकांना सांगून ठेवा. माझं मत विचाराल तर सहा महिने टिकलेल्या रायफल नेमबाजासाठी पहिली पसंती हीच, दुसरी भारतीय पीसीपी.

चौथी पायरी: घेण्याआधीची तपासणी

टेकवून मारल्याशिवाय पैसे देऊ नका. वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवा, सपाट डोक्याचे छर्रे घ्या, एकाच जागी नेम धरून दहा मारा. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. पीप साइटच्या रायफलीला उत्तर ५ मिमीच्या आत आलं तर उत्तम, कारण मग चुकलेला प्रत्येक गुण तुमचा असतो. सातापर्यंत चालवून घ्या. ओपन साइटच्या स्प्रिंग रायफलीला १२ पर्यंत मी हो म्हणतो. हाच प्रयोग दोन-तीन प्रकारच्या छर्ऱ्यांवर करा. एका डब्याला १० मिमी देणारी नळी दुसऱ्या डब्याला ६ देते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. बंदूक नाकारायच्या आधी छर्रा बदलून बघा.

ट्रिगर बोटाने सावकाश ओढा. कुठे अडतो, कुठे सुटतो हे दहाही वेळा सारखंच वाटायला हवं. पिस्तुलाच्या स्पर्धेत ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावंच लागतं. दोऱ्याला अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधून ट्रिगरला अडकवा आणि उचला. ट्रिगर सुटला तर तो हलका आहे. रायफलीला अशी मर्यादा नाही.

मुलासाठी घेताना दस्त्याची लांबी बघा. कोपर काटकोनात दुमडून त्याच्या आतल्या घडीत दस्त्याचं मागचं टोक टेकवलं तर बोटाचं पेर ट्रिगरपर्यंत सहज पोचायला हवं. स्पर्धेच्या रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं म्हणून बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर साडेपाच किलो ठेवू नका.

जुनी पीसीपी घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. जर्मन कंपन्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात, आणि मुदतीत असलेला सिलिंडर वापरणं ही स्पर्धेत खेळाडूची स्वतःची जबाबदारी असते. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. भरलेल्या सिलिंडरचा काटा रात्री बघा, सकाळी पुन्हा बघा. उतरला असेल तर वायसर गेले आहेत. ते बदलता येतात, पण ते काम करणारा माणूस तुमच्या जवळपास आहे का, हेही विचारात घ्या.

पाचवी पायरी: हवा कुठून आणायची

पीसीपी घेणारा कोकणी माणूस इथेच अडतो. हातपंप मिळतो, पण २०० बार दाबापर्यंत भरताना घाम निघतो, आणि पावसाळ्यात तो बाहेरची दमट हवा आत ओढतो. पाणी सिलिंडरमध्ये साचलं की आतून गंज धरतो. पंप घेतलाच तर ओलावा शोषणारा फिल्टर लावून घ्या आणि तो वेळेवर बदला.

मालवणकडच्यांना एक चांगला मार्ग आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे, आसपास खासगी व्यावसायिकही आहेत. पाणबुड्यांच्या टाकीत श्वासासाठीची, गाळलेली, कोरडी हवा साधारण २०० बारला भरतात. अशी एक टाकी आणि रायफलीला जोडायचा ॲडॉप्टर असला की सरावाचे पुष्कळ दिवस निघतात, कारण रायफलीचा एक भरलेला सिलिंडर दीडशे-दोनशे छर्ऱ्यांना सहज पुरतो. टाकी चाचणीच्या मुदतीत असावी, आणि भरताना वाल्व अगदी हळू उघडावा.

ऑक्सिजन कधीही भरू नका. वेल्डिंगच्या दुकानातला नाही, दवाखान्यातलाही नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश लागला तरी स्फोट होतो. याच कारणासाठी पीसीपीच्या हवेच्या भागाला साधं तेलही लावायचं नाही, फक्त सिलिकॉनचं ग्रीस.

पैशांची वाटणी

पन्नास हजार हातात असतील तर पन्नास हजारांची बंदूक घेऊ नका. रोज शंभर छर्रे मारणाऱ्याला पाचशे छर्ऱ्यांचा डबा पाच दिवस जातो, महिन्याला सहा डबे लागतात. हा खर्च बंदुकीच्या हप्त्यासारखाच चालू राहतो. रायफलवाल्याला जाड कॅनव्हासचं जॅकेट लागतं. ते नसेल तर पाठीवर ताण येतो आणि नेम स्थिर होत नाही. शिबिराला जायचा प्रवासखर्चही आहे. एवढं बाजूला काढून जे उरतं तेवढ्याचीच बंदूक घ्या. ते वीस हजारच उरले तर ओपन साइटची स्प्रिंग रायफल घ्या आणि क्लबच्या पीप साइटवर सुट्टीत सराव करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

घरातली रेंज

दहा मीटर लांब मोकळी जागा आपल्याकडे असते. पडवी, मांगर, नाहीतर पावसाळ्याबाहेर खळं. निशाण्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा. मागे जांभ्याची भिंत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दगडावरून छर्रा उलटा येतो. लोखंडी पत्र्याची पेटी करा, आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या किंवा काथ्या गच्च दाबून भरा, मागचा पत्रा तिरका आणि जाड ठेवा. निशाण्याच्या पलीकडे दार, पायवाट किंवा गोठा असता कामा नये. सगळ्यांनी चष्मे लावायचे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही, आणि पेटी झाडताना तोंडाला फडकं बांधायचं.

वीज गेली किंवा छर्रे संपले तर सराव थांबत नाही. पीसीपीला छर्ऱ्याविना ट्रिगर सोडायची सोय असते. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून रोज चाळीस वेळा नेम धरा. स्प्रिंगच्या बंदुकीला मात्र हे अजिबात करू नका. छर्रा नसला की दट्ट्या अडवायला काही नसतं, तो पुढे आदळतो आणि वायसर फाटतं.

जून ते सप्टेंबर

किनाऱ्यालगतच्या घरात स्वस्त बंदूक आणि महाग बंदूक सारख्याच गंजतात, फक्त स्वस्त जरा लवकर. खारं वारं आणि हाताचा घाम, दोन्ही लोखंडाचे वैरी. सराव संपला की धातूचा प्रत्येक भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि बाहेरून सिलिकॉन तेलाचा पुसट हात फिरवा. खोबरेल तेल लावू नका. ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. नळीच्या मागे तेल राहिलं तर स्प्रिंगच्या बंदुकीत ते पेट घेतं, आवाज मोठा येतो आणि छर्रा भलतीकडे जातो.

पावसात बंदूक फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका. फोम ओल धरतो आणि आठ दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. सुती पिशवीत घालून कुलपाच्या लाकडी कपाटात उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या ओल्या झाल्या की मंद आचेच्या तव्यावर सुकवून पुन्हा वापरता येतात. छर्ऱ्यांचा डबा वेगळ्या कुलपात, घट्ट झाकणाचा. पांढरी पूड धरलेले छर्रे टाकून द्या. जॅकेटला बुरशी लागते, म्हणून ऊन पडेल त्या दिवशी ते सावलीत वाऱ्यावर टांगा.

भाच्याची ती नऊ हजारांची रायफल आम्ही विकली नाही. तिची दुर्बीण काढली, कमी जोराची स्प्रिंग बसवून घेतली, चार डबे बदलून बघितले. आता ती टेकवून ११ मिमी देते. तो पुढे पीप साइटला गेला, आणि या जूनपासून ती वाडीतल्या एका सातवीतल्या मुलीकडे आहे. ओपन साइटच्या गटात उतरायचं म्हणते. तिला रायफल देताना मी टेकवून मारलेला कागदही सोबत दिला. त्यावर मापाचा आकडा आणि तारीख लिहिलेली आहे.